खाली जाऊन येते

आमच्या घरात ‘खाली’ या शब्दाला दोन अर्थ होते आणि इतक्या वर्षांत त्यांची कधी गल्लत झाली नव्हती. कोल्हापुरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. भाजीची गाडी, इस्त्रीचं खोकं, संध्याकाळी बायका बसतात तो कट्टा, हे एक खाली. दुसरं खाली दूरचं. घाट उतरल्यावर हवा जड होते, ओठांवर मीठ उतरतं, माणसं वाक्याच्या शेवटी हेल काढू लागतात, ते. कोकणाला आम्ही कोकण असं क्वचितच म्हणतो. खाली पाऊस लागलाय, खालून आमसुलं आलीत, असंच म्हणतो. तिकडची माणसं आम्हांला वरची म्हणतात, आणि चिडवायचं असलं की घाटी.

आई खालची. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, तेरेखोलच्या खाडीकाठी तिचं माहेर. लग्न करून ती वर आली, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि चौथीच्या मुलांना निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवत राहिली. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी एकटी, कॉलेजात मराठी कविता शिकवते. दोन वर्षांपूर्वी आईच्या हृदयात जाळी बसवावी लागली. तेव्हापासून माझा दिवस तिच्या गोळ्यांच्या डबीतल्या सात कप्प्यांवरून पुढे सरकतो. तिच्या श्वासाचा नाद मला भिंतीपलीकडूनही कळतो.

दसऱ्याला तिनं प्रथम सांगितलं, की आता उरलेले दिवस तिला खाली, धाकट्या बहिणीजवळ काढायचे आहेत. मावशी माहेरच्या त्या घरात एकटी असते. तिची मुलं मुंबईला. मी म्हटलं, बघू. पुढे तिनं दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा मी दवाखान्याचं नाव घेतलं. रात्री-अपरात्री काही झालं तर? त्या प्रश्नापुढे ती गप्प व्हायची. तिच्या गप्प होण्याला मी होकार समजत गेले.

दिवाळी सरल्यावरची ती एक पिवळसर दुपार होती. ऊन नुसतं लेपासारखं भिंतींवर बसलेलं. मी कॉलेजातून आले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी आतूनच सांगितलं, की आई खाली गेल्या आहेत, ‘खाली जाऊन येते’ असं त्यांना सांगून गेल्या आहेत. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. कट्ट्यावर एक मांजर झोपलं होतं. भाजीची गाडी निघून गेली होती, मागे कोथिंबिरीचा ओला वास तेवढा राहिला होता. तासाभरानं मी खाली उतरले आणि इस्त्रीवाल्याला विचारलं.

“आई व्हय? सकाळीच गेल्यात की रिक्षानं. हातात ही एवढी बॅग हुती.”

कुठे जातो म्हणाल्या, असं मी विचारलं.

“मी इचारलं की. म्हणल्या, खाली. मला वाटलं, खालच्या गल्लीत.”

“बॅग घेऊन खालच्या गल्लीत?”

तो इस्त्री उभी करून क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. गरम सुती कापडाचा वास आमच्या दोघांमध्ये थांबून राहिला होता. “माझंबी चुकलंच म्हणा,” तो म्हणाला. “पर मॅडम, तुमाला सांगितलं न्हाय?”

मी जिना चढून वर आले. साडेचारला फोन आला. पलीकडे माडाच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या, कागदाच्या घड्या मोडाव्यात तसा आवाज. आई म्हणाली, मी खाली पोचले. आमटी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे. एवढंच. जणू ती कट्ट्यावरून हाक मारत होती.

त्या संध्याकाळी मी एक कागद लिहायला घेतला. माणूस घाबरला की आपल्या विद्येला शरण जातो; माझ्या विद्येचा इथे उपयोग नव्हता म्हणून मी आईच्या विद्येला शरण गेले. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात असत तशी तीन शीर्षकं घातली: स्थान, दळणवळण, राजधानीपासूनचे अंतर. स्थानाखाली लिहिलं, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला सह्याद्री, म्हणजे तीन बाजूंनी अडलेला मुलूख. दळणवळणाखाली लिहिलं, की घाटांत दरड कोसळते, रस्त्याची कामं निघतात, धुकं उतरतं. रेल्वेचं स्टेशन गावापासून लांब, तिथून रिक्षा मिळेल तेव्हा खरी. आणि शेवटी: राजधानी मुंबई, गाडीनं अख्खी रात्र. मोठे दवाखाने तिथे. कागदाची घडी घातली तेव्हा मला वकिलासारखं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

सकाळच्या वेंगुर्ला गाडीत खिडकी मिळाली. रंकाळा मागे पडला, तशी गुऱ्हाळांची दाट गोड वाफ गाडीत शिरली. उसानं लादलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेनं डुलत चालल्या होत्या आणि त्यांच्यामागे आमची गाडी शिकाऊ विद्यार्थ्यासारखी धीर धरून. राधानगरीच्या पुढे भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती, खुंटांवर दव. दाजीपूरच्या जंगलात आवाजच बदलला. इंजिनाचा घोष झाडांनी पिऊन टाकावा तसा. कंडक्टर कुणाला तरी सांगत होता, की परवा इथेच गवा आडवा उभा राहिला, हॉर्न दिला तर त्यानं नुसतं बघितलं, अन् मग आमीच थांबलो की.

फोंडा घाटात पहिल्या वळणाला माझ्या कानांत दडे बसले. लहानपणापासून मला ही खूण ठाऊक आहे. आई तेव्हा मला आवंढा गिळायला सांगायची आणि स्वतः मात्र गिळायची नाही. दडे बसलेल्या कानांनीच ती घाट उतरायची, डोळे मिटून, पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसासारखी. या खेपेला मीही गिळला नाही. जग मऊ झालं, लांब गेलं. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याची धार एकेका वळणाला बोथट होत गेली. कोरड्या गवताच्या वासात कुजक्या पानांचा, मग लाल मातीचा, मग ओल्या चुलीचा वास मिसळला. कणकवलीला दडे आपोआप सुटले आणि महामार्गाचा रुंद, एकसुरी गोंगाट एकदम कानांत ओतला गेला.

तिथून पुढे सगळंच सपाट आणि जलद होतं. मी आईच्या वर्गातली मुलगी असल्यासारखी मोजत बसले होते: किती मिनिटं, किती थांबे. चौपदरी रस्त्यावर कुडाळ इतकं पटकन आलं, की मोजणं चुकलं.

मावशीच्या अंगणात आई तांदूळ निवडत बसली होती. समोर खाडी, आणि पाण्यावर ते खालचं ऊन: वर सोनेरी असतं, इथे दुधी. मावशीनं मला दारातच गाठलं.

“इलंस गो बाय? आवशीक न्हेवक इलंस मां? आधी जेव, मगे न्हे.”

न्यायचं नाव निघालं तरी आईनं मान वर केली नाही, पण तांदळातून फिरणारं तिचं बोट थांबलं.

आईचं जेवण आटोपलं, तेव्हा मी ताटावरूनच तो कागद पुढे केला. वाद घालण्यापेक्षा वाचायला देणं सोपं होतं. आईनं चष्मा लावला, मावशीकडे लाल पेन मागितलं. ते नव्हतं म्हणून पेन्सिल घेतली आणि परीक्षेच्या वहीसारखा कागद तपासू लागली. ‘अडलेला मुलूख’ यातला ‘अडलेला’ तिनं खोडला. रेल्वेच्या ओळीला बारीक बरोबरची खूण केली. घाटाच्या ओळीखाली लिहिलं, ‘सोळा वेळा उतरले, एकदाही दरड नाही.’ मग शेवटच्या शीर्षकाशी ती बराच वेळ थांबली. मुंबई या शब्दावर तिनं रेघ मारली आणि वर लिहिलं: पणजी.

मी म्हटलं, ती दुसऱ्या राज्याची राजधानी आहे.

“छातीत दुखायला लागलं की राज्य कोण विचारतं?” आई म्हणाली.

मावशी हसली. मुंबईत आमचे झिल, म्हणजे मुलगे, राहतात, एवढंच मुंबईचं काम, असं तिचं म्हणणं. “दुखण्याक आमी पणजेक जातव,” ती म्हणाली. चष्मा, दात, गुडघे, सगळं तिकडेच. पूल ओलांडला की गोवा. मग तिनं मला विचारलं, तुमचं कोल्हापूर कुठली राजधानी. मी जरा ताठ होऊन सांगितलं, की एके काळी संस्थानची राजधानी होती. “होती मां? आता नाय मां?” ती म्हणाली, आणि माझ्या ताटलीत आणखी एक तळलेला बांगडा ठेवला, जणू सांत्वनाला.

आईनं आपलं लहानपण त्या दुपारी सांगितलं. तुकड्यातुकड्यानं, खाडीकडे बघत. ती बारा वर्षांची होईपर्यंत समोरचा काठ परदेश होता, पोर्तुगिजांचा. इथून दिसणारी ती माडांची रांग दुसऱ्या देशाची. तिकडचा शिपाई काठावर उभा राहिला तर त्याच्या टोपीचा रंगही दिसे, आणि तरी त्या काठाला जायचं म्हणजे परवाने लागत. पणजी तेव्हा मुंबईहून लांब होती. मग एका हिवाळ्यात तो काठ आपला झाला. मुलं पहिल्यांदा होडीतून पलीकडे गेली, तर आईनं काय केलं, की तिकडची माती उचलून हुंगली. “आपल्यासारखीच होती,” ती म्हणाली. तिला जरा वाईट वाटलं होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं सांगितलं, की आज पणजीला जायचं आहे, तूही चल. मला वाटलं, मावशीचा चष्मा असेल. पण मावशी घरीच राहिली. आईनं हातात घेतलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत तिची फाइल होती, निळ्या पुठ्ठ्याची, जी माझ्या कपाटात तिसऱ्या कप्प्यात आहे अशी माझी खात्री होती. मी त्या फाइलवर बोट ठेवलं. आई म्हणाली, महिना झाला तिला माझ्या पिशवीत येऊन. तू कपाट उघडलं नाहीस.

आम्ही पूल ओलांडला तेव्हा खाडीवर धुकं होतं आणि मधोमध आल्यावर दोन्ही काठ दिसेनासे झाले. क्षणभर आम्ही कुठल्याच राज्यात नव्हतो. मग पाट्या बदलल्या. दुकानांवर रोमी लिपी आली, एका वळणावर चुन्यासारखं पांढरं चर्च उगवलं आणि पोईच्या, त्या तिकडच्या कोंड्याच्या पावाच्या, आंबूस वासानं बस भरून गेली. दूर एका सपाट डोंगरावरून विमान वर चढत होतं. तिकडे नवा विमानतळ झालाय, आईनं सांगितलं, ती खूण चुकत नाही. म्हापशाला बस बदलली. दुसऱ्या बसच्या दारात उभा राहून कंडक्टर पणजे, पणजे असं म्हणत होता, दोन अक्षरं गिळून, एक लांबवून, अंगाईसारखं. मांडवीचा पूल आला. मी घड्याळ पाहिलं. खाडीपासून दीड तास झाला होता, त्यातला बराचसा बस बदलण्यात. स्वतःच्या गाडीनं तास लागेल. कोल्हापुरात आमच्या घरापासून दवाखान्यापर्यंत, आईला जाळी बसवली त्या दिवशी, संध्याकाळच्या गर्दीत, मला पाऊण तास लागला होता. हे गणित मी मनात केलं आणि आईला सांगितलं नाही.

डॉक्टर वयस्क होते, बोलताना कोकणीतून मराठीत आणि पुन्हा कोकणीत जात. त्यांनी फाइल पानापानानं पाहिली, छाती तपासली, दोन गोळ्या तशाच ठेवल्या, एक कमी केली. कुठून येता, त्यांनी विचारलं. आईनं गावाचं नाव सांगितलं. कोल्हापूर म्हणाली नाही. त्यांनी मान हलवली, जसं कुणी पुढच्या गल्लीचं नाव ऐकून हलवावी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, की त्या पट्ट्यातली माणसं त्यांच्याकडे रोजच येतात. काळजी करण्यासारखं आज तरी काही नाही. मात्र एकट्यानं राहू नये.

“एकटी नाही,” आई म्हणाली. “बहीण आहे.”

बाहेर आल्यावर आम्ही मांडवीच्या काठी बाकावर बसलो. समोर फेरीबोट पलीकडच्या बेतीच्या धक्क्याला जात होती, परत येत होती. तिच्यावर उभी राहिलेली माणसं बोलत नव्हती. पाणी ओलांडताना माणसं अशी का होतात, कोण जाणे. नदीला डिझेलचा आणि कालवांचा वास होता. मला कुठलाच मुद्दा उरला नव्हता. कागद तर आईनं तपासून परत दिला होता. तरी एक गोष्ट राहिली होती, आणि ती दवाखान्याची नव्हती.

मी म्हटलं, तुझी राजधानी जवळ आहे, मान्य. मी लांब आहे.

फेरीबोट एक फेरी करून आली.

“मी तुझ्या बाबांच्या मागोमाग वर आले,” ती म्हणाली. “तक्रार नाही. चांगली गेली वर्षं. पण मला झोपेत अजून समुद्र ऐकू येतो. जाग आली की तो पंखा असतो.”

तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. मुलांना नकाशावरची नदी दाखवावी तसं. वर्षानुवर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. तिचा श्वास मला भिंतीपलीकडून कळत होता आणि झोपेतला समुद्र मात्र कळला नव्हता. मग मी विचारलं, मला न सांगता का निघालीस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी राहिले असते. पुढे आणखी एक वर्ष. मग आणखी एक.

आम्ही परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. मावशीनं फक्त आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तांदूळ मोठ्या पातेल्यात धुवायला घेतले.

तिसऱ्या दिवशी माझी गाडी दुपारी दोनची होती. त्याआधी शिरोड्याला बँकेत जायचं होतं. पेन्शनवाल्यांना दर वर्षी या दिवसांत हयातीचा दाखला द्यावा लागतो: आपण जिवंत आहोत, हे समक्ष जाऊन सांगायचं. दर वर्षी मी आईला कोल्हापुरात घेऊन जात असे. आता तिला इथल्या शाखेत जिवंत असायचं होतं.

शाखा लहान होती. पंख्याखाली दोन म्हातारे वर्तमानपत्राची पानं वाटून वाचत होते. कुणाच्या तरी पिशवीतून ओल्या माशांचा वास येत होता आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. काउंटरवरच्या तरुण बाईंनी फॉर्म दिला. आई चष्मा घरी विसरली होती, म्हणून पेन माझ्या हातात आलं. नाव, जन्मतारीख, हे मी न थांबता लिहीत गेले. मग रकाना आला: सध्याच्या निवासाचा पत्ता.

मी थांबले. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती, चष्म्याशिवाय, म्हणजे तिला नुसते रंग दिसत असणार. मी लिहिलं, ‘द्वारा’, आणि पुढे मावशीचं नाव.

“काय लिहिलंस?” तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

“द्वारा नको,” ती म्हणाली. “द्वारा पाहुण्याला असतं.”

मी ‘द्वारा’ खोडलं, मावशीचं नाव खोडलं. तिथे घराचा नंबर लिहिला, वाडीचं नाव लिहिलं, खाडीजवळ असं लिहिलं, गाव, तालुका वेंगुर्ला, जिल्हा सिंधुदुर्ग. अक्षर माझं नेहमी चांगलं येतं. त्या दिवशी ते जरा मोठं आलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, खोडलंय तिथं मॅडमना सही करायला सांगा.

आईनं पेन घेतलं. मी रेघेवर बोट ठेवून तिला जागा दाखवली. तिनं सही केली, फळ्यावर लिहायची तशी, गोल आणि सावकाश, आणि पेनाला टोपण लावून माझ्याकडे दिलं. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघितलं आणि शिक्का मारला.

“तुझी गाडी दोनला आहे,” आई म्हणाली. “चल, तुला स्टँडवर सोडते.”